बिनखुणेची गाठ

मला लई भेव वाटलं. हे आधीच लिहून टाकते. कारण आजारपणाचं लिहिताना बाया पहिल्याच ओळीत शूर होतात, आणि वाचणारीला वाटतं की आपणच तेवढ्या भित्र्या. मी भित्री हाय. केमो झालं, ऑपरेशन झालं, रेडिएशनचा शेकही घेऊन झाला, तरी तपासणीची तारीख जवळ आली की माझ्या हातून कापड वाकडं कापलं जातं. मंग मी गिऱ्हाइकावरच खेकसते.

मी शिवणकाम करते. हसनाबादच्या जवळ आमचं गाव. घर मूळचं मेंढरांचं. आता आमच्या ह्यांची कपाशी न् मका असते, पण माझे धाकटे दीर बिरू भावजी अजून मेंढरं राखतात. दहावी शिकलेय, बोलते तसंच लिहिते. कुणाला खटकलं तं पान उलटा.

डावी बाजू

पुतणीच्या लग्नासाठी मी स्वतःचं ब्लाऊज शिवलं. घालून बघितलं तं डाव्या बाजूला तटतटलं. मी कापडाला शिव्या दिल्या, आरशाला दिल्या, मंग डावीकडची शिलाई उसवून ढिली केली आणि लग्नात मिरवून आले. गावातल्या निम्म्या बायांच्या छातीचं माप माझ्याकडं. एक बाजू ढिली करायची पाळी का आली, हा प्रश्न मात्र माझ्या टाळक्यात आला न्हाई. हसा. दुसऱ्या कुणाचं असतं तं मीही हसले असते.

पुढं एकदा न्हाताना बोट लागलं. टणक, वाळल्या बोरासारखं. दुखत नव्हतं, म्हून मी ठरवलं की काही न्हाई. बायांनो, दुखत न्हाई म्हून सोडून द्यायचं नसतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मी तुम्हाला सांगून राह्यले.

शेवटी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, चुलीपाशी सांगितलं.

"दुधाची गाठ असंल," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, लेकरू कॉलेजात गेलं. आता कुठलं दूध?"

तव्यावरची भाकरी करपली तरी त्या उलथीनात.

तालुक्याच्या गावातले सर्जन म्हणाले, साधी गाठ वाटते, काढून टाकू आणि तपासायला पाठवू. काढली. शुद्धीवर आले तेव्हा ते ह्यांच्या हातात एक प्लास्टिकची बरणी देत होते. आत पाणी, पाण्यात माझा तुकडा. "आजच्या आज जालन्याच्या लॅबला पोचवा," एवढंच सांगितलं. हे माझ्यापाशी थांबले आणि बरणी बिरू भावजींनी नेली. आमच्याकडं असंच असतं. घरातला तुकडा घरच्यानंच न्यायचा. परक्याच्या हाती कोण देईल?

मोटारसायकल

निकाल आला तेव्हा सर्जननी मला बाहेर बसवून ह्यांना आत घेतलं. बाहेर आले तेव्हा हे माझ्याकडं न बघता म्हणाले, "काही न्हाई. जालन्याला दाखवायला सांगितलंय."

ज्याला काही न्हाई त्याला जालन्याला कामून दाखवायचं? मी गाडीवर मागं बसले. गावाच्या अलीकडं नाल्याजवळ म्हणलं, "खरं सांगा, न्हाई तं मी उडी मारते."

ह्यांनी गाडी बाजूला घेतली. उतरले आणि गळ्यातल्या गमज्यानं पेट्रोलची टाकी पुसायला लागले. धूळ नव्हती, तरी पुसत होते.

"कॅन्सर का?"

त्यांनी मान हलवली. टाकी पुसणं चालूच.

पहिला विचार काय आला सांगू? घरी चार बायांची ब्लाउजं कापून ठेवलीत, बाह्या जोडायच्या राहिल्यात, मी मेले तं ह्या कुणाकडं जातील? मंग लेक आठवली, आणि मी रस्त्याच्या कडेला उकिडवी बसून रडले. एक ट्रॅक्टरवाला थांबून विचारत होता की पंक्चर झालं का.

तीन खुणा

जालन्याच्या कॅन्सरच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच. आम्ही तिघं गेल्तो: मी, हे आणि बिरू भावजी. बाईंनी काखेत हात लावून बघितलं आणि तिथंही एक गाठ सापडली. मला तोवर ती माहीतच नव्हती. मंग त्यांनी आम्हाला बसवून समजावलं. त्यांची भाषा मला समजली, म्हून इथं देते. जास्त विचाराल तं मला येत न्हाई.

"छातीचा कॅन्सर म्हणजे एकच आजार नाही," त्या म्हणाल्या. "त्याचे प्रकार आहेत. गाठीच्या पेशींवर आम्ही तीन खुणा शोधतो. दोन खुणा हार्मोनच्या. त्या असल्या, तर रोज एक गोळी देऊन आजार बरीच वर्षं दाबून ठेवता येतो. तिसरी खूण हर-टू नावाची. ती असली तर तिच्यावरच नेम धरणारं इंजेक्शन आहे."

"खूण म्हणजे मेंढराच्या कानाला असती तशी?" बिरू भावजींनी विचारलं.

"तशीच समजा."

भावजींना एकदम पटलं. "बराबर हाय. खूण असली की हजारात वळखू येतं. बिनखुणेचं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात शिरलं, तं त्याला कोणाचं म्हून धरायचं?"

"आणि तिन्ही नसल्या तं?" मी विचारलं.

बाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. "तर गोळी नाही, ते इंजेक्शन नाही. मुख्य भरवसा केमोवर. हा प्रकार जरा तापट असतो, लवकर वाढतो. त्यावर उपचार आहेत, बायका बऱ्याही होतात. पण तो सोपा आहे असं मी म्हणणार नाही."

माझ्या निकालात तिन्ही नव्हत्या.

माझे कान बंद झाले. ओठ हललेले दिसत होते, शब्द येत नव्हते. परत ऐकू आलं तेव्हा बाई विचारत होत्या, "लॅबवाले म्हणतात, तुकडा नीट टिकलेला नव्हता. बरणी त्याच दिवशी पोचली होती ना?"

भावजी खुर्चीत पुढं सरकले. त्यांना वाटलं आता शाबासकी मिळणार.

"मॅडम, त्याची तुम्ही बिलकुल काळजी करू नका. मीच आणला तुकडा. पोचलो तं लॅब बंद. म्हणलं, खराब हू द्यायचा न्हाई. त्या बरणीत कायतरी जहाल पाणी व्हतं, झाकण उघडलं तं डोळ्यातून धार लागली. हे तं तुकडा जाळून टाकंल! ओतून दिलं, चोख्या पाण्यानं धुतला, प्लास्टिकच्या पन्नीत बांधला, अन् रसवंतीवाल्याकडून बर्फ घेऊन बर्फात ठिवला. रातभर स्टँडवर बसून बर्फ बदलला. सकाळी दिला तं बघा, ताजा फडफडीत."

बाईंनी पेन खाली ठेवला.

त्यांची तरी काय चूक? मागं आमच्या कळपात रोग आल्ता, मेंढरं पटापट पडत होती. भावजी मेलेल्या मेंढराचं काळीज दारूत बुडवून गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेले, तं तिथल्या डॉक्टरनी झापून परत पाठवलं, की तपासायचं तं औषधात बुडवू नका, पाण्यात टाकू नका, बर्फात आणा. भावजींनी तेव्हापासून ते वाक्य काळजावर कोरून ठेवलेलं. वैनीचा तुकडा, मंग त्यांनी मेंढरापेक्षा दुप्पट जपला.

"ते जहाल पाणीच तुकडा टिकवत होतं, दादा," बाई म्हणाल्या. रागावल्या न्हाईत. "ते नसलं की खुणा पुसट व्हायला लागतात. असलेली खूणही नाही अशी दिसू शकते. म्हणून हा निकाल मी खरा धरत नाही, आणि खोटाही धरत नाही. काखेतल्या गाठीचा सुईनं तुकडा घेऊ. ह्या वेळी माझ्यासमोर बरणीत पडेल."

बाहेर आल्यावर हे भावजींना एकच वाक्य बोलले. "अरे येड्या, ती काय मेंढरू हाय का?" त्यानंतर त्यांनी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं.

तुमच्या घरात कुणाची गाठ काढली, तं बरणीतलं पाणी ओतू नका. डोळे चुरचुरू द्या. आणि लॅब कधी बंद होते ते आधी विचारा. एवढ्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं म्हणलं तरी चालेल.

वाट बघणं

सुई टोचली ते दुखलं, पण ते सहन झालं. वाट बघणं सहन होत नव्हतं.

दवाखान्यात माझ्याशेजारी अंकुशनगरच्या कमलताई बसायच्या, त्यांचे मालक साखर कारखान्यात कामाला. केमो चालू, डोक्याला रुमाल. बाई लई गोड, पण आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा. त्यांनी मला भाकरी न् ठेचा खाऊ घातला, तोंड आल्यावर काय खायचं ते सांगितलं, आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझ्या दोन खुणा हायेत बाई! केमो झालं की गोळी चालू."

मला त्यांचा हेवा वाटला. कॅन्सर झालेल्या, केस गेलेल्या बाईचा मला हेवा वाटला.

घरी तं बोलायलाच नको. हे गप्प. बिरू भावजी घरात पाऊल टाकीनात, तिकडं मेंढरांच्या वाड्यावरच राहायचे. आत्याबाई फडक्यात भाकरी बांधून न्यायच्या आणि बऱ्याचदा तशीच परत आणायच्या. एकदा ओसरीवर बसून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "एक लेक बोलत न्हाई, एक जेवत न्हाई, अन् सून भेवानं पांढरी पडली. मी कोणाच्या तोंडाकडं बघू?" मी मशीन चालवत बसले, सुईत दोरा नव्हता.

आता जे लिहिते ते लिहायला जड जातं. गावाला वाटत होतं की मी भावजींवर चिडलेय. भावजींनाही तेच वाटायचं. खरं उलटं होतं. मला त्यांची चूक हवी होती. त्यांनी तुकडा पार नासवलेला हवा होता. कारण त्यांनी नासवला असेल, तं माझ्या खुणा होत्या, फक्त पुसल्या. तं मला गोळी मिळेल, न्हाई तं इंजेक्शन मिळेल, न्हाई तं दोन्ही. मी देवापाशी बसून हेच मागायचे, की बाबा, दोष त्यांच्याच पदरात टाक.

म्हून मी वाड्यावर जायचे. भावजी कोकरांना पाला टाकत असायचे. मी उभ्या उभ्या विचारायचे.

"भावजी, धुतला तो कसा धुतला? घासून?"

"व्हय वैनी."

"चांगला येळ?"

"...व्हय."

"अन् बर्फ? मधी वितळला असंल की."

त्यांची मान खाली जायची. "वितळला व्हता. रसवंतीवाला झोपला, मंग बर्फ भेटला न्हाई. पहाटं सगळं पाणीच झालं व्हतं."

माझ्या जिवाला एकदम थंड वाटायचं. पहाटं पाणीच झालं होतं! मी घरी येऊन पोटभर जेवायचे. आणि दोन दिवसांनी भेव परत चढलं, की पुन्हा वाड्यावर जाऊन तेच विचारायचे. दरवेळी त्यांचा आवाज आणखी बारीक व्हायचा. मला ते दिसत होतं, पण मला माझा जीव प्यारा होता. भेदरलेलं माणूस लई आपमतलबी असतं, हे मला तेव्हा कळलं.

लेकीला मी काही सांगितलं नव्हतं. तिनं मोबाइलवर सगळं वाचून घेतलं होतं. एकदा माझी वेणी घालताना म्हणाली, "आई, केस मी कापते. तू न्हाव्याकडं जाऊ नको." मी म्हणलं, "अगं, अजून कशातच काही न्हाई." ती म्हणाली, "बरं." आणि वेणी नेहमीपेक्षा घट्ट घातली.

निकाल

त्या दिवशी भावजी न सांगताच दवाखान्यात आले. आम्ही गाडीवर, ते एसटीनं. आत आले न्हाईत. बाहेर पायरीवर बसले, चपला काढून, देवळात बसल्यासारखे.

आत बाईंनी कागद समोर ठेवला, पण बोलल्या तोंडानंच. "ह्या वेळी तुकडा अगदी चांगला होता. लॅबनं दोनदा बघितलं. तिन्ही खुणा नाहीत."

हे म्हणाले, "म्हणजे बर्फानं..."

"बर्फानं काही केलं नाही. खुणा पहिल्यापासूनच नव्हत्या. पहिला निकाल बरोबर होता." मंग त्या माझ्याकडं वळल्या. "ह्या प्रकारावर केमो बऱ्याचदा चांगलं लागू पडतं. आधी केमो, मग ऑपरेशन. आपण आजच सुरू करू. तुम्हाला भीती वाटतेय का?"

मी म्हणलं, "मॅडम, मला मरायचं न्हाई." आतापर्यंत एक दार उघडं होतं, अगदी किलकिलं. ते बंद झालं. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला, पण मरणार न्हाई असं काही म्हणाल्या न्हाईत. मला त्यांचा तेव्हा राग आला होता. आता येत न्हाई.

सिस्टर म्हणाली, बेड तयार करायला थोडा वेळ लागेल, बाहेर बसा. मी बाहेर आले. हे मागून येत होते. भावजी मला बघून उभे राहिले. दाढी वाढलेली, अंगाला मेंढरांचा वास, हात जोडलेले.

मला वाटलं, ह्या माणसाच्या डोक्यावरचा धोंडा तरी उतरवावा. आज माझ्याकडं द्यायला तेवढंच होतं.

"भावजी, तुमची काही चूक न्हाई. बाईंनी सांगितलं. तुमच्या बर्फानं काही बिघडलं न्हाई. खुणा आधीपासूनच नव्हत्या."

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता सुटल्यासारखा श्वास घेतील.

"मंग गोळी?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"अन् ते इंजेक्शन?"

"तेबी न्हाई. केमो."

ते मटकन पायरीवर बसले. पागोटं काढून तोंडावर धरलं आणि लहान लेकरासारखे हुंदके देऊन रडायला लागले. येणारी-जाणारी माणसं बघत होती. मी वाकले तं पागोट्याच्या आतून आवाज आला.

"माझी चूक निघाया पाहिजे व्हती, वैनी. मी रोज बिरोबाला तेच मागत व्हतो. जल्मभर बोलणी खाल्ली असती मी. बर्फ वितळला न्हवताच वो. तुमी विचारायच्या, अन् वितळला म्हणलं की तुमच्या तोंडावर रक्त यायचं, म्हून मी वितळला म्हणायचो."



हे माझ्यामागंच उभे होते. इतके दिवस त्यांनी भावाकडं बघितलं नव्हतं. ते पुढं झाले, पायरीवर भावजींच्या शेजारी टेकले, आणि समोर रस्त्याकडं बघत म्हणाले, "बिरू, मीबी तेच मागत व्हतो."

मी त्या दोघांच्या मधल्या जागेत बसले. आतून सिस्टरनं माझं नाव पुकारलं. तिला दुसऱ्यांदा पुकारावं लागलं.